अक्षराखालची रेघ

एका वेलांटीने ‘दिन’चा ‘दीन’ होतो, हे मराठीच्या मास्तराला निराळे सांगायला नको. पण गाण्याच्या लिपीत ह्याहूनही बारीक खुणांवर केवढाले संसार उभे असतात, हे वाचकांनी एकदा स्वतः करून पाहावे.

सा, रे, ग, प, ध ही पाच अक्षरे कागदावर लिहा. कोठेही रेघ नको. हे भूपाचे स्वर झाले. आता एकट्या गंधाराखाली आडवी रेघ ओढा. भूप गेला, शिवरंजनी आली! गंधार मोकळा ठेवून ऋषभ आणि धैवत ह्यांच्याखाली रेघा द्या, की भैरव अंगाचा बिभास. तिघांनाही रेघ दिलीत, तर भूपाल तोडी. प्रत्येक रागाचे चलन निराळे, हे खरे. पण अक्षरे तीच पाच. छापखान्यात दोन रेघा निसटल्या, तर सकाळच्या बिभासाला रात्रीचा भूप व्हायला वेळ लागायचा नाही.

ही लिपी पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) ह्यांची. पेशाने वकील असलेल्या ह्या मुंबईकराने घराण्याघराण्यांतल्या बंदिशी मिळवल्या आणि सहा भागांच्या क्रमिक पुस्तकमालिकेत सर्वांसाठी खुल्या केल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. किती साधे! पण एक गोष्ट ध्यानात घ्या. एकाच ओळीत कोमल गंधार दहा वेळा आला, तर रेघही दहा वेळा द्यायची.

पाश्चात्त्यांची नेहमीची रीत निराळी. अमुक स्वर चढे, तमुक उतरे, हे ते ओळीच्या आरंभीच जाहीर करून टाकतात. मध्ये एखादा अपवाद आला, तर त्या स्वराच्या आधी खूण करतात आणि तो हुकूम त्या खंडाच्या अखेरीपर्यंत चालतो. घरात कर्ता पुरुष असला, म्हणजे प्रत्येकाला नियम पुन्हा पुन्हा सांगावे लागत नाहीत, तसेच हे. त्यांच्याही संगीतात आधाराचा एक स्वर असतो आणि बाकीचे त्याच्या धाकात राहतात.

पुढे व्हिएन्नाच्या आर्नोल्ड शोनबर्गने (१८७४–१९५१) १९०८च्या सुमारास हा कर्ता पुरुषच घरातून उठवला. सगळे बारा स्वर सारख्याच मानाचे. षड्ज कोणीच नाही! मग आरंभीच्या त्या जाहीरनाम्याला अर्थ काय उरला? तो गेला. खूण ज्या स्वराची, त्याच्यापुरतीच, असा दंडक अशा संगीतात अनेकांनी पाळला. काहींनी तर शुद्ध स्वरालाही ‘हा शुद्धच’ अशी खूण दिली. प्रत्येकाने आपले ओळखपत्र आपल्याच गळ्यात अडकवायचे!

म्हणजे षड्ज घालवून शोनबर्ग जेथे गेला, तेथेच षड्जाचा तंबोरा अखंड लावून भातखंडेही पोहोचलेले दिसतात. आपल्याकडे ह्याचे कारण, मला वाटते, रागांच्या स्वभावात आहे. देस चढताना शुद्ध निषाद घेतो आणि उतरताना कोमल. ललतात तर दोन्ही मध्यम लागोपाठ येतात. अशांना ओळीच्या आरंभीचा एकच हुकूम कसा पुरावा?

पण हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. मिरचीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या, जालना जिल्ह्यातल्या पिंपळगाव रेणुकाईला गेल्या वर्षी जाणे झाले. माझा एक विद्यार्थी तेथल्या भजनात पेटी वाजवतो. एका वृद्ध बुवांची अभंगाची चाल त्याने वहीत उतरवून घेतली होती. अक्षरे सगळी होती; रेघ मात्र एकही नव्हती.

“सर, निषाद कोमल आहे, हे आम्हां सगळ्यांना ठाऊकच आहे की!”

“अरे, ज्यांना ठाऊक आहे त्यांना वही कशाला हवी?” मी म्हटले.

रेघा देण्यासाठी बुवांना ती ओळ पुन्हा म्हणायला सांगितली. बुवा चढताना शुद्ध निषाद घेत होते आणि उतरताना कोमल! पोरगा चपापला. तो दोन्हीकडे कोमलच वाजवत आला होता.

“बुवा, मग कधी बोलला कसे नाहीत?”

“पेटीपुढं म्हाताऱ्याचा आवाज कोण ऐकतो, बाळा?” बुवा हसून म्हणाले. बुवा समोर बसलेले असतानाच त्यांच्या चालीतला एक स्वर हरवला होता, आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

कोणी म्हणेल, आता खिशात फोन आहे; ध्वनिमुद्रण केले की झाले. जरूर करावे. पण यंत्र त्या संध्याकाळचा खोकलाही इमानाने टिपते आणि स्वरही. चाल कोणती नि चूक कोणती, हे ते सांगत नाही. रेघ देताना मात्र माणसाला विचारावेच लागते, “आजी, हा गंधार असाच ना?”

ह्या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्यांची एखादी ओवी, एखादी आरती अशी वहीत उतरवून घ्यावी. आणि जे ‘सगळ्यांना ठाऊकच आहे’, तेही न कंटाळता प्रत्येक अक्षराखाली लिहावे. वही उघडणाऱ्या नातवाला ते ठाऊक असणार नाही.