कुमार एकेरीचे दप्तर

कोणत्याही खेळाचा इतिहास लिहू पाहणारा मनुष्य प्रथम प्रौढांच्या अजिंक्यपदांकडे वळतो, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि लॉन बोल्स या खेळाची खरी वाटचाल ज्याला पाहावयाची असेल त्याने कुमारांच्या राष्ट्रीय एकेरी स्पर्धेचे दप्तर आधी उघडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हा खेळ निवृत्त व सुखवस्तू वृद्धांचा, असा जो समज आपल्याकडे आणि खुद्द ब्रिटनमध्येही दृढ झालेला आहे, त्याचे निराकरण त्या दप्तराइतके दुसरे काहीही करू शकणार नाही.

या समजाच्या पोटात एक जुना कायदा दडलेला आहे. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे या खेळासाठी राखलेल्या हिरवळीचा आरंभ 1299 सालापर्यंत मागे नेला जातो. परंतु 1541 मध्ये, आठव्या हेन्रीच्या अमदानीत, धनुर्विद्येचा सराव मागे पडू नये म्हणून जो कायदा करण्यात आला त्याने कारागीर, मजूर, घरचे चाकर आणि धंद्यात उमेदवारी करणारे तरुण यांना नाताळाखेरीज हा खेळ खेळण्यास मनाई केली, नाताळातही तो धन्याच्या घरी व धन्याच्या देखत खेळावा असे बंधन घातले, आणि ज्याच्या जमिनीचे वार्षिक उत्पन्न शंभर पौंडांचे असेल त्याला मात्र स्वतःच्या खाजगी हिरवळीसाठी परवाना मिळण्याची मुभा ठेवली. हा कायदा रद्द होण्यास 1845 साल उजाडावे लागले. ज्या खेळातून उमेदवारी करणाऱ्या पोरांना तीनशे वर्षे कायद्याने बाहेर ठेवले, तो खेळ पोक्त व मालदार माणसांचा वाटू लागला, यात त्या खेळाच्या प्रकृतीचा दोष काय?

त्याची प्रकृती काय आहे हे पाहण्यासाठी स्कॉटलंडकडे वळावे. तेथे तो इंग्रजी कायदा लागू नव्हता, आणि किल्मार्नॉकचा क्लब 1740 पासून चालत आला होता. त्या हिरवळीवर अकरा वर्षांचा एक मुलगा खेळू लागला. त्याचे नाव विल्यम वॉलेस मिचेल. पुढे 1849 मध्ये स्कॉटिश क्लबांनी नियम एकत्र करण्याचे ठरविले तेव्हा चिटणिसाचे काम याच मिचेलने केले, आणि 1864 मध्ये त्याने प्रसिद्ध केलेली पुस्तिका आधुनिक नियमांचा पाया ठरली. ज्याने या खेळाची घटना लिहिली तो बालवयातच या खेळात आला होता, ही गोष्ट मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. त्यानंतर 1903 मध्ये क्रिकेटमहर्षी डब्ल्यू. जी. ग्रेस यांनी पंचावन्नाव्या वर्षी इंग्लिश बोलिंग असोसिएशन स्थापन केली, 1905 पासून राष्ट्रीय एकेरी सुरू झाली, आणि शिक्षकी पेशातील डेव्हिड ब्रायंट यांनी ती 1960 मध्ये, तिशीही न ओलांडता, प्रथम जिंकली. कुमारांसाठी स्वतंत्र गट, आणि त्याची मर्यादा बहुधा पंचवीस वर्षांची, ही व्यवस्था नंतर आली. ती आणखी आधी यावयास हवी होती.

एकेरीवरच माझा भर का, हे सांगितले पाहिजे. चौघांच्या संघात कर्णधार पलीकडच्या टोकाला उभा राहून चेंडू कोणत्या बाजूने व किती वेगाने टाकावा हे सांगतो. एकेरीत ती सोय नसते. प्रत्येकाने चार चेंडू आळीपाळीने टाकावयाचे आणि परंपरेने जो प्रथम 21 गुण मिळवील तो विजयी. चेंडूची घडणच अशी असते की त्याचा वेग मंदावत जाईल तसतसा तो एका अंगाला वळत जातो. तेव्हा हिरवळ ओली की कोरडी, वारा कोणता, ज्याच्या जवळ आपला चेंडू न्यावयाचा तो जॅक नावाचा लहान चेंडू किती दूर, या सर्वांचा अजमास खेळाडूने एकट्याने घ्यावयाचा आणि चुकल्यास त्याची जबाबदारीही एकट्यानेच स्वीकारावयाची. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलीला निर्णयाचे शिक्षण देणारी याहून शांत आणि याहून कठोर शाळा मला माहीत नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारत या खेळात प्रथम उतरला, आणि त्याच हिरवळीवर इंग्लंडच्या नॅटली मेलमोरने वयाच्या एकविसाव्या वर्षी महिला एकेरीचे सुवर्णपदक मिळविले. बारा वर्षांनी, 2 ऑगस्ट 2022 रोजी, लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की यांनी दक्षिण आफ्रिकेचा 17–10 असा पराभव करून भारताला राष्ट्रकुल स्पर्धेत या खेळातील पहिले सुवर्ण मिळवून दिले. तेही लेमिंग्टन स्पा येथे, जेथे इंग्लंडच्या राष्ट्रीय स्पर्धा दरसाल भरतात. या चौघींच्या पराक्रमापुढे मी आदराने नतमस्तक आहे. परंतु त्या तिशी-चाळिशीतल्या होत्या, आणि नयनमोनी भारोत्तोलनातून, रूपा कबड्डीतून, लव्हली ॲथलेटिक्समधून या खेळात आलेल्या. इतर खेळांनी घडविलेल्या खेळाडूंवर किती काळ विसंबावयाचे? मेलमोरच्या वयाची आपली मुलगी एकेरीच्या अंतिम सामन्यात उभी राहावी असे वाटत असेल, तर तिच्या हाती चेंडू शाळेतच पडला पाहिजे.

महाराष्ट्राने या कामी पुढाकार घ्यावा, असे मी आग्रहपूर्वक सुचवितो. 2008 मध्ये पुण्याच्या बालेवाडी संकुलात राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या तेव्हा त्यातील नऊ खेळांत लॉन बोल्स नव्हता. ती उणीव भरून काढणे आजही शक्य आहे. सुमारे चाळीस मीटर लांबीरुंदीची एक सपाट हिरवळ आणि ती राखणारा एक जाणता माळी, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. चेंडूही लहान हातांना पेलतील अशा निरनिराळ्या मापांचे मिळतात, मात्र ते विदेशातून मागवावे लागत असल्याने त्यांचा भार पालकांवर टाकू नये. त्यासाठी क्रीडा खात्याने अंदाजपत्रकात तरतूद करावी. कुमारांची राष्ट्रीय एकेरी दरसाल ठरल्या महिन्यात, मुलामुलींसाठी सारख्याच इतमामाने भरावी. आणि केवळ विजेत्याचे नाव फळ्यावर रंगवून न थांबता उपउपांत्य फेरीपासूनच्या प्रत्येक खेळाडूचे नाव, वय, जिल्हा, शाळा आणि गुण यांची रीतसर नोंद या खेळाच्या राष्ट्रीय महासंघाच्या दप्तरी करून ती कोणाही नागरिकास पाहावयास खुली ठेवावी.