रेल रोको आणि 'मी केलेला प्रवास'



जूनमध्ये शाळा भरली की आपल्या निबंधांचे विषय ठरलेले असतात. 'माझी उन्हाळ्याची सुट्टी', 'मी केलेला प्रवास'. विषय ठरलेले, तशी वाक्यंही ठरलेली. गाडी वेळेवर आली. मला खिडकीजवळची जागा मिळाली. झाडे मागे पळताना दिसत होती. प्रवास कधी संपला ते कळलेच नाही. डी.एड. होऊन नोकरीला लागल्यापासून मी स्वतः कितीतरी वेळा असेच मुद्दे फळ्यावर लिहून दिलेत, त्यामुळे दोष द्यायचा तर आधी मलाच.

पण 2024 च्या मे महिन्यात आम्ही एक प्रवास केला आणि तो काही केल्या त्या मुद्द्यांत बसेना. त्याबद्दल आज लिहिते.

आम्ही परभणीचे. निवडणुकीची ड्यूटी 26 एप्रिलला झाली, एक मेला निकाल वाटले आणि सुट्टी लागली. लेक चौथी पास होऊन पाचवीत जाणार होती. तिला सुवर्णमंदिर आणि जालियनवाला बाग बघायची होती. आपल्याकडून अमृतसरला जायचं म्हणजे नांदेडहून सुटणारी सचखंड एक्सप्रेस. हजूर साहिबचं दर्शन घेऊन परतणारे कितीतरी पंजाबी प्रवासी या गाडीत असतात. वाटेत काही स्टेशनांवर शीख बांधव सगळ्यांनाच लंगर वाटतात, त्यामुळे जुने प्रवासी घरूनच रिकामं ताट आणि डबा घेऊन बसतात. आम्हाला ते माहीत होतं, म्हणून लेकीनं हौसेनं स्वतःचं ताट पिशवीत टाकलं होतं.

दिल्लीपर्यंत सगळं निबंधासारखंच चाललं होतं. त्याच्या पुढे मात्र गाडी रखडायला लागली. अंबाल्याच्या अलीकडे तर दोन तासांच्या वर एकाच जागी उभी. बाहेर भयानक ऊन, पंखे गरम हवा फेकत होते, आणि पाण्याच्या बाटल्या संपल्या होत्या. मग कळलं की पुढे पंजाब-हरियाणा सीमेवरच्या शंभू स्टेशनात शेतकरी रुळांवर बसलेत आणि आपली गाडी आता चंदीगडवरून फिरवून नेणार. त्या मार्गाचा बराच भाग एकेरी. समोरून गाडी आली की आपली गाडी बाजूला थांबणार.

मग डब्यात सुरू झालं ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं असेल. "यांना कामधंदा नाही." "फटके द्यायला पाहिजेत." "सगळं राजकारण आहे." आमच्या शेजारी हिंगोली जिल्ह्यातला एक जवान होता, सुट्टी संपवून युनिटला निघालेला. तो सारखा घड्याळ बघत होता. पलीकडच्या बर्थवर लुधियान्याच्या एक आजी होत्या. त्यांच्या इन्सुलिनच्या डब्यातला बर्फ कधीच वितळून गेला होता आणि त्यांचे यजमान डब्या-डब्यातून बर्फ शोधत फिरत होते.

लेकीनं विचारलं, "आई, ते रुळावर का बसलेत?"

घसा कोरडा, डोकं तापलेलं. मी म्हणाले, "रिकामटेकडे आहेत, बस आता गप्प."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण आजोबा पण बसले होते ना फाट्यावर?"

मला काही बोलता येईना. खरंच बसले होते माझे वडील, सोयाबीनच्या भावासाठी, आमच्या फाट्यावरच्या रास्ता रोकोला. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 4600 रुपये. वडिलांनी शिमग्याच्या सुमारास माल विकला तो 4300 नं. वीस क्विंटल होता, म्हणजे सहा हजार कमी आले. चौथीच्या मुलाला तोंडी करता येईल असं हे गणित आहे. आणि शंभूला बसलेल्यांची मूळ मागणी काय होती? हमीभावाला कायद्याची हमी द्या. म्हणजे मी ज्यांना रिकामटेकडे म्हणत होते, ते माझ्या वडिलांचंच दुखणं घेऊन बसले होते.

मग गाडी उभीच असताना मी लेकीला जेवढं मला माहीत होतं तेवढं सांगितलं. फेब्रुवारी 2024 मध्ये पंजाबातले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन दिल्लीला निघाले होते. हरियाणाच्या सीमेवर सिमेंटचे ठोकळे आणि काटेरी तारा लावून त्यांना अडवलं. ते तिथेच रस्त्यावर बसले. पुढे तीन शेतकऱ्यांना अटक झाली, त्यांना सोडा म्हणून 17 एप्रिलपासून ते शंभूच्या रुळांवरही येऊन बसले. तिनं लगेच विचारलं, "म्हणजे आधी त्यांचा रस्ता अडवला, आणि मग त्यांनी आपला?" मी हो म्हणाले. "पण आपण तर त्यांचा रस्ता नव्हता अडवला." त्यालाही हो म्हणाले.

तो जवान आमचं बोलणं ऐकत होता. तो एवढंच बोलला, "मॅडम, त्यांचं बरोबर असेल. मी पण शेतकऱ्याचाच पोरगा आहे. पण मला उद्या हजर व्हायचंय, तिथं कुणाला सांगू?"

आम्ही अमृतसरला पोचलो ते दुसऱ्या दिवशी पहाटे. आजींना त्याआधी एका डब्यातल्या कुटुंबानं थर्मासमधला बर्फ दिला होता. जवानाचं पुढे काय झालं ते कळलं नाही, तो लुधियान्याला घाईघाईनं उतरून गेला. ते आंदोलन रुळांवरून उठलं 20 मेच्या सुमारास, म्हणजे महिन्याहून जास्त काळ त्या मार्गावरच्या गाड्या रद्द होत होत्या नाहीतर फिरवल्या जात होत्या.

आता मूळ मुद्द्यावर येते. सुट्टीच्या अभ्यासात लेकीला 'मी केलेला प्रवास' हाच निबंध होता. तिनं हे सगळं लिहिलं. उभी गाडी, बर्फ, जवान, आजोबांचे सहा हजार. वही तपासून आली तेव्हा अर्ध्या पानावर लाल रेघ होती आणि खाली शेरा : 'विषय सोडून लिहू नये. प्रवासाचे वर्णन करावे.'

शेरा देणाऱ्या बाईंवर माझा राग नाही. पन्नास वह्या पुढ्यात असतात तेव्हा मीही असाच शेरा मारला असता. पण मला वाटतं, आपण इथेच चुकतो. मूल जे बघून आलं तेच विषय सोडून आहे असं आपण त्याला सांगतो, आणि जे त्यानं बघितलंच नाही ती पळणारी झाडं लिहायला लावतो. मग आठवीत गेल्यावर आपणच म्हणतो, मुलांना स्वतःचे विचार मांडता येत नाहीत.

यावर माझ्या सहकारी मित्रांचं एक म्हणणं असतं आणि ते खोटं नाही. आपण सरकारी नोकर. वर्गात आंदोलनाचं बोललं की कुणीतरी म्हणणार, गुरुजी राजकारण शिकवतात. ही भीती मलाही आहे. पण पक्षाचं किंवा पुढाऱ्याचं नाव न घेता हा विषय शिकवता येतो. आपण रोज परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणून घेतो. मग त्याच संविधानातलं कलम 19 मुलांना सांगायला कसली अडचण? शांततेनं आणि शस्त्राशिवाय एकत्र जमायचा हक्क त्यात आहे, आणि त्या हक्काला वाजवी मर्यादा घालता येतात हेही त्यातच आहे. रेल्वे अडवणं हा मात्र गुन्हा आहे. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 174 नुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आंदोलनाचा हक्क आहे, पण सार्वजनिक रस्ते बेमुदत अडवून ठेवता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2020 मध्ये सांगितलं आहे. हक्क आणि मर्यादा, मुलांना दोन्ही कळायला हवं.

बाबासाहेबांचं उदाहरण तर याला फार चांगलं आहे. त्यांनी 1927 मध्ये महाडचा आणि 1930 मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह केला. तेच बाबासाहेब 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत म्हणाले की आता सनदशीर मार्ग खुले झालेत, तेव्हा कायदेभंग आणि सत्याग्रहाचे मार्ग सोडायला हवेत. मोठ्या वर्गातल्या मुलांना एवढंच विचारा, एकाच माणसाने या दोन गोष्टी का केल्या असतील? आणि त्याच्या पुढचा प्रश्न, अर्ज करून, निवेदन देऊन कुणी ऐकतच नसेल तर माणसानं काय करायचं? याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. पण प्रश्न विचारायचा नाही असं थोडंच आहे?

माझं स्वतःचं मत विचाराल तर मला रुळांवर बसणं मान्य नाही. ज्या सरकारशी भांडण आहे ते त्या डब्यात नसतंच. डब्यात असतात आजी, जवान आणि लहान लेकरं. पण बसणाऱ्यांना रिकामटेकडे म्हणणंही मला आता मान्य नाही. सुगीच्या दिवसांत घरदार सोडून कुणी मजा म्हणून उन्हात बसत नाही. कुणाची कृती चूक आहे हे म्हणताना त्याचं दुःखही खोटं आहे असं म्हणायची गरज नसते. डब्यातली मोठी माणसं हीच गल्लत करत होती, त्यांच्यात मीही होते. आणि मुलं ऐकत होती.

आपल्या मराठवाड्यातल्या मुलांना तर हा अनुभव नवा नाही. 2023 च्या सप्टेंबरमध्ये आंतरवाली सराटीच्या घटनेनंतर आपल्या भागात एसटी काही दिवस बंद होत्या. वाडी-वस्तीवरून हायस्कूलला जाणाऱ्या पोरी घरी बसल्या होत्या. त्यांनी त्यावर कधी काही लिहिलं का? आपण लिहायला सांगितलंच नाही.

म्हणून मी नंतर माझ्या चौथीच्या वर्गात एक छोटा बदल केला. निबंधाचं नाव दिलं 'अडलेला प्रवास'. मुद्दे दिले नाहीत, चार प्रश्न दिले. काय अडलं? अडवणाऱ्याला काय पाहिजे होतं? त्यामुळे कुणाचे हाल झाले? दुसरं काय करता आलं असतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल तर घरी जाऊन विचारून या, एवढीच अट.

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. कुणाची एसटी अडली होती, कुणाची बैलगाडी ओढ्याच्या पाण्यानं. त्यातही दुसरा प्रश्न विचारायला एक पोरगं थांबलं नाही, "ओढ्याला काय पाहिजे होतं बाई?" वर्ग खूप हसला. पण एका मुलीनं लिहिलं होतं, 'माझे बाबा रस्त्यावर बसले होते आणि माझी मावशी त्याच रस्त्यावर गाडीत होती. घरी दोघांचं भांडण झालं. मला दोघांचं पटलं.' शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. मी त्या दुरुस्त केल्या, पण मजकुरावर एकही रेघ मारली नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. पुढच्या सुट्टीत तुमची गाडी अडली, आणि कधी ना कधी ती अडणारच, तर मुलानं "का?" विचारल्यावर माझ्यासारखं करू नका. पाणी कुठे मिळतंय ते आधी बघा, मूल तहानलेलं असताना नागरिकशास्त्र नको. पण नंतर त्याला खरं कारण सांगा. माहीत नसेल तर डब्यात विचारा. आणि शेजारी कुणाचे हाल होत असतील तर तेही त्याला दाखवा.

लेकीची ती वही मी जपून ठेवली आहे. लाल रेघ तशीच आहे. तिनं रेघेखाली पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलंय, 'पण हेच झालं होतं.'