तुमचे ब्रेक शेवटचे कोणी बघितले?

पावसाळा सुरू झाला की पुण्या-मुंबईच्या गाड्या पुणे-नाशिक महामार्ग सोडून घोडेगाव, डिंभे धरण करत आहुप्याकडे निघतात. आंबेगाव तालुक्याच्या अगदी पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यावर वसलेलं हे गाव. समोर खाली मुरबाडचं कोकण, गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके आणि धुकं. रील तर बनणारच! पण त्या रीलमध्ये एक गोष्ट कधीच दिसत नाही. वर चढलेली प्रत्येक गाडी संध्याकाळी ओल्या रस्त्यानं, वळणावळणानं खाली उतरवायची असते, आणि ते काम इंजिनापेक्षा ब्रेकचं जास्त असतं.

किती काम? शाळेतलं भौतिकशास्त्र आठवा. माणसांसकट 1,200 किलोची गाडी 300 मीटर उंची उतरली आणि तिचा वेग फक्त ब्रेकनं आवरला, तर जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात नळाचं जवळपास 10 लिटर पाणी उकळेल. यातली बरीचशी उष्णता पुढच्या दोन चाकांतल्या दोन डिस्क आणि चार पॅड झेलतात. नव्या पॅडवर घासणारा थर साधारण 10 मिलिमीटरच्या आसपास असतो. तो 3 मिलिमीटरवर आला की पॅड बदलायची वेळ झाली. म्हणजे तुमचा आणि दरीचा संबंध बोटाच्या पेराहून कमी जाडीच्या थरावर अवलंबून आहे.

आता खरा प्रश्न. हा थर तपासतं कोण?

प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेल्या जीपला कायद्यानं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. तुमच्या-माझ्या घरच्या कारची नोंदणी मात्र थेट 15 वर्षांची. तोपर्यंत तिचे ब्रेक कोणत्याही सरकारी तपासणीला आपणहून दाखवावे लागत नाहीत. पीयूसी धूर बघते, विमा अपघातानंतरचा खर्च बघतो. गावाकडच्या जुन्या जीपला आपण हसतो, पण निदान कागदावर तरी तिचे ब्रेक कोणीतरी बघतं. आपली चकचकीत हॅचबॅक मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटलेली असते. वर मोटार वाहन कायद्याचं कलम 190 सांगतं की, धोकादायक दोष माहीत असताना गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा आहे. थोडक्यात, तपासणी नाही, पण जबाबदारी आहे. आणि ती मालकाची आहे.

इथेच 'घरी ब्रेक पॅड बदला' हा विषय येतो. यूट्यूबवर असे व्हिडिओ ढिगानं आहेत आणि आत्ता त्यांना बळ देणाऱ्या दोन गोष्टी घडल्या आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सगळ्या सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी बहुतेक भागांवर तो 28 टक्के होता. दुसरी गोष्ट 'राइट टू रिपेअर'ची. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर 2022 मध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहन क्षेत्रही घेतलं.

हा वाद जुनाच आहे. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड ठोठावला होता. कारण, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न देणं. बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, ही अटही आयोगाला मान्य नव्हती. पुढे प्रकरण अपिलात गेलं, पण मुद्दा तोच राहिला : गाडी तुमची, मग ती उघडायचा हक्क कोणाचा?

हक्क तुमचाच. पण ब्रेक म्हणजे मोबाइलची बॅटरी नाही. चुकलं तर फोन बंद पडत नाही, गाडी थांबत नाही.

काम तसं सरळ आहे. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. नट थोडे सैल करून मग जॅक लावायचा. गाडी फक्त जॅकवर ठेवून कधीच हात घालायचा नाही, खाली पक्का स्टँड हवाच. चाक काढलं की कॅलिपरचा बोल्ट सोडून तो वर करायचा आणि तारेनं बांधायचा. ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवायचा नाही. जुने पॅड काढायचे, पिस्टन हळूहळू आत दाबायचा, नवे पॅड बसवायचे. पिस्टन दाबताना बॉनेटखालच्या डब्यातलं ब्रेक ऑइल वर चढतं, त्यावर लक्ष ठेवायचं. ते सांडलं तर गाडीचा रंग खातं. दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदलायचे, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. पिस्टन आत गेलेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पाय ठेवल्यावर पेडल थेट खाली जातं. गाडी जागेवरून हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत पंप करायचं. हे विसरलं, तर पहिला ब्रेक समोरच्या भिंतीवरच लागतो.

शुक्रवारी रात्री पॅड बदलून शनिवारी आहुपे, हा बेतही नको. नवे पॅड डिस्कवर नीट बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात आणि तोवर ते पूर्ण पकड देत नाहीत. मागे ड्रम असतील किंवा बटणाचा हँडब्रेक असेल, तर गॅरेजच गाठा. काळी धूळ फुंकून उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. भारतात अ‍ॅस्बेस्टॉसच्या वापरावर पूर्ण बंदी नाही आणि स्वस्त पॅडमध्ये काय आहे हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

बरं, पॅड नवे कोरे असले तरी काम संपत नाही. 20 नोव्हेंबर 2022 ला पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकनं कितीतरी गाड्यांना धडक दिली. आधी सगळे म्हणाले, ब्रेक फेल. पोलिसांच्या तपासात मात्र चालकानं उतारावर इंजिन बंद केल्याचं समोर आलं. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि इंजिन बंद झालं की तो दाब तयार होणं थांबतं. कारमध्येही इंजिन बंद असेल, तर दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं. ब्रेक ऑइलचंही तसंच. ते हवेतला ओलावा शोषतं. ताजं डॉट 4 ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शिरल्यावर हीच मर्यादा 155 वर येऊ शकते. उतारावर ते उकळलं की पाइपमध्ये वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. मग पॅड कितीही जाड असोत, उपयोग नाही.

म्हणून घरच्या दुरुस्तीचा खरा फायदा मजुरीचे पैसे वाचण्यात नाही, तर बघायला शिकण्यात आहे. ज्यानं एकदा पॅड हातात धरला, तो पुढे गॅरेजात 'जुना पॅड दाखवा' म्हणायला लाजत नाही. सरकारनंही 15 वर्षं थांबण्यापेक्षा खासगी कारची ब्रेक तपासणी आधी आणि सोप्या पद्धतीनं सुरू करायला हवी. पीयूसीसाठी रांग लावायची सवय आपल्याला लागली, ही पण लागेल. तोवर तपासनीस तुम्हीच.

निघण्याआधी एवढं कराच
* चाकाच्या फटीतून टॉर्चनं पॅडची जाडी बघा. 3 मिलिमीटर म्हणजे बदला.
* ब्रेक मारताना बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो? पॅड संपत आल्याची खूण असू शकते.
* ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल, तर आधी ते बदला.
* ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल नको, इंजिन बंद तर अजिबात नको.
* पेडल मऊ लागलं किंवा जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबा, ब्रेक निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.