गुरुपुष्याला सोनं घेता, पण पुष्य पाहिलाय का?

मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या चौकातल्या दिव्यांचा आहे.

गुरुपुष्यामृत आलं की सराफाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. घ्या, सोनं जरूर घ्या. पण त्या गर्दीत एकदा विचारून बघा, हा पुष्य आकाशात असतो तरी कुठे? दहातले नऊ जण एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. आणि आता कुणाला बघायचा म्हटला तरी बघण्याची सोय आपण ठेवलेली नाही.

पुष्य नक्षत्रात एक तारकागुच्छ आहे. पुनर्वसूचे दोन ठळक तारे आणि मघा यांच्या मधल्या जागेत, अंधाऱ्या आकाशात, नुसत्या डोळ्यांनी तो कापसाच्या पुंजक्यासारखा दिसतो. 1610 साली छापलेल्या पुस्तकात गॅलिलिओनं सांगितलं, की दुर्बिणीतून त्यात चाळीसच्या आसपास तारे सुटे दिसतात. मार्चमध्ये रात्री नऊ-साडेनऊला तो आपल्या महाराष्ट्रात जवळजवळ डोक्यावर येतो. पण चौकातला हायमास्ट लागला की तो पुंजका गायब!

कृत्तिकांचं तेच. सध्या रात्री नवाच्या सुमाराला त्या डोक्यावर असतात. रोहिणीचा तांबूस तारा सापडला की थोडं पश्चिमेला बघायचं. चांगल्या अंधारात सहा-सात तारे मोजता येतात. कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या सहा मातांची गोष्ट आपण ऐकलीय, त्या याच. कार्तिक महिन्याचं नावही यांच्यावरूनच, कारण त्या पौर्णिमेला चंद्र यांच्याजवळ असतो. साधं बायनॉक्युलर लावलं तर डझनावारी तारे दिसतात. सगळे मिळून हजाराच्या वर आहेत, एकाच ढगातून जन्मलेले, वय साधारण दहा कोटी वर्षं. अंतर सुमारे 440 प्रकाशवर्षं. म्हणजे आज पोचणारा प्रकाश तिथून निघाला तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता. एवढ्या लांबून आलेला प्रकाश आपण शेवटच्या शे-दोनशे मीटरवर अडवतो. कशानं? तर निधी संपवायचा म्हणून उभ्या केलेल्या खांबानं.

आता नेहमीचा प्रश्न येईल, "मग काय अंधारात राहायचं का? बिबट्या फिरतोय, बायका-पोरी रात्रीच्या येतात." प्रश्न रास्त आहे. रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला उजेड हवाच. पण तो कुठे हवा? पायाखाली, रस्त्यावर. आपल्याकडचे कितीतरी दिवे तिरके, अर्धा उजेड आभाळात आणि समोरच्या घराच्या खिडकीत. त्या झगमगाटानं डोळे दिपतात आणि खांबापलीकडची सावली अजून काळी होते. तिथं कोण उभं आहे ते दिसतच नाही. याला सुरक्षा म्हणायचं?

त्यात पांढरेशुभ्र एलईडी. निळसर उजेड हवेत जास्त विखुरतो, दिवसा आभाळ निळं दिसतं त्याच कारणानं. म्हणून असे दिवे सगळं आकाश पांढुरकं करतात. पिवळसर एलईडीनं हा त्रास कमी होतो आणि रस्ता तितकाच नीट दिसतो. दिव्यावर टोपी बसवली, तोंड खाली केलं, की कमी वॅटमध्ये काम भागतं. पथदिव्यांची बिलं थकली म्हणून गावंच्या गावं अंधारात गेल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. आणि तरी आभाळाला उजेड द्यायला आपल्याकडे पैसे आहेत!

हे चोचले नाहीत. 2011 ते 2022 या काळात जगभरच्या सामान्य लोकांनी केलेल्या तारेमोजणीचा अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. आकाशाचा उजळपणा वर्षाला सरासरी जवळपास 10 टक्क्यांनी वाढतोय. आज 250 तारे दिसतात तिथं जन्मलेल्या पोराला अठराव्या वर्षी जेमतेम 100 दिसतील.

आणि हे थांबवता येतं, आपल्याच राज्यात. नागपूरजवळचा पेंच व्याघ्र प्रकल्प 2024 साली देशातला पहिला 'डार्क स्काय पार्क' ठरला. तिथल्या गावांतले दिवे बदलले, तोंडं खाली केली. गावं अंधारात बुडाली नाहीत. आवाजासाठी देशात 2000 सालापासून नियम आहेत, डीजे वाजला तर तक्रार करता येते. उजेडासाठी तसा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही.

तर आपणच विचारू. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत तीन मागण्या लेखी द्या. एक, नवीन दिवा टोपीचाच आणि पिवळसर. दोन, हायमास्टचे तिरके दिवे खाली वळवा. तीन, रात्री अकरानंतर रिकाम्या मैदानाचे आणि जाहिरातफलकांचे दिवे बंद. यात नवीन खर्च फारसा नाही, लागते ती इच्छा. ठरावाच्या वहीत मागणी लिहून घेतली का, ते उठायच्या आधी बघा.

अनुदानातून आलेला खांब मोजता येतो, उद्घाटनाचा फोटो काढता येतो. गेलेल्या ताऱ्यांचा फोटो निघत नाही, म्हणून त्यांची बाजू कुणी मांडत नाही. ती आपण मांडू. आणि पुढचं गुरुपुष्य येईल तेव्हा सोन्याची पावती घरात ठेवून पोरांना घेऊन शेतात या. कृत्तिका दाखवतो, मार्चमध्ये पुष्यही दाखवतो. बायनॉक्युलर माझं.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण आधी गच्चीवर जाऊन कृत्तिका मोजून या. किती दिसल्या तो आकडा गावाच्या नावासकट लिहा.