क्रेनवाल्याचे बक्षीस : द्यावे कोणाला, किती आणि केव्हा?

व्यापारी बांधवांनो, कापडाच्या धंद्यात आम्ही तीस वर्षे काढली. दलाली, वटाव, हमाली, प्रत्येकाचा दस्तूर ठरलेला आहे. पण रस्त्यात बंद पडलेली गाडी जो माणूस ओढून नेतो, त्याच्या हातावर ठरल्या भाड्याशिवाय काय ठेवावे, याचा दस्तूर आपल्यात अजून पडलेला नाही. कोणी काहीच देत नाही, कोणी घाबरून मागेल तेवढे देतो. आमच्या मते दोन्ही चूक आहे. पहिली चूक आम्ही स्वतः केली आहे, म्हणून लिहीत आहोत.

एका पावसाळ्यात मालेगावहून भिवंडीकडे ग्रे कापडाच्या गाठी घेऊन निघालेला आमचा टेम्पो कसारा घाटात रात्री दोन वाजता बंद पडला. गिअरबॉक्स गेला होता. फोनवर क्रेनच्या मालकाशी भाव ठरला : सहा हजार. आम्ही घरबसल्या मोबाइलवरून पैसे पाठवले आणि झोपलो. सकाळी माल कोरडा पोहोचला. आम्ही खूश. तेव्हा आमचा ड्रायव्हर म्हणाला, "सेठ, क्रेनबरोबर एक पोरगा होता. भर पावसात टेम्पोखाली पाठीवर झोपून त्याने शाफ्टचे नट सोडवले, वरून ट्रक जात होते. मी त्याला चहासुद्धा पाजू शकलो नाही, खिशात काही नव्हते."

आम्हांला फार लाज वाटली. लाखाचा माल ज्याने वाचवला त्याला आमच्या सहा हजारांतून काय मिळाले, हे आम्ही विचारलेही नव्हते.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. पूर्वी ड्रायव्हरजवळ टोलसाठी रोकड असे, त्यातून वाटेतला खर्च भागे. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला, डिझेलही कार्डावर गेले. सोय झाली, पण ड्रायव्हरचा खिसा रिकामा झाला. गरिबाच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवण्याची वाटच बंद झाली.

आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. उर्दूत 'बख्शना' म्हणजे खुशीने देणे, आणि माफ करणेही. मराठीत वर्गात पहिल्या आलेल्या मुलाला मिळते तेही बक्षीसच. दोन्ही भाषांत अर्थ एकच : देणाऱ्याने मनापासून द्यावे, घेणाऱ्याने मागू नये. भाडे हा हक्क आहे, बक्षीस ही खुशी आहे, आणि साखळी लावण्याआधी "आधी चहापाणी काढा" म्हणून जे उकळले जाते त्याला बक्षीस म्हणू नये. अडलेल्याची ती लूट आहे.

म्हणून आम्ही आमच्या दुकानापुरते काही नियम केले आहेत. साखळी लागण्याआधी भाव ठरवावा : कुठून कुठपर्यंत, माल भरलेला की रिकामा, रात्रीचा आकार वेगळा की नाही. पावती मागावी. बक्षीस काम झाल्यावर द्यावे आणि ज्याने हात काळे केले त्याच्याच हातात द्यावे, मालकाच्या खात्यावर नव्हे. पंक्चर किंवा बॅटरीचे काम असेल तर पन्नास-शंभर, रात्री, पावसात किंवा घाटात ओढून नेले तर दोघांना मिळून तीनशे ते पाचशे, असा आमचा हिशेब आहे. यासाठी प्रत्येक फेरीला ड्रायव्हरजवळ पाचशेची रोकड वेगळी देतो आणि वहीत 'वाटखर्च' म्हणून लिहितो. उरली तर तो परत आणतो.

राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ या नंबरावर चोवीस तास मदत मागता येते. तिथून आलेल्या माणसाने पैशासाठी अडवले तर तक्रार करावी. वाहतूक पोलिसांनी नो-पार्किंगमधून उचललेल्या गाडीचा दंड पावती घेऊन भरावा, तिथे बक्षिसाचा प्रश्नच नाही. आणि दुसऱ्या ट्रकचा ड्रायव्हर थांबून मदत करतो, तो बहुधा पैसे घेत नाही. त्याला जेवू घालावे.

काही बंधू म्हणतील, पगार देणे मालकाचे काम, आपण का द्यावे? बरोबर आहे. बक्षिसाच्या भरवशावर पगार कापणारा मालक गुन्हेगारच आहे. पण म्हणून टेम्पोखाली भिजलेल्या पोराकडे पाठ फिरवावी, हे त्याचे उत्तर नव्हे.

तो पोरगा आम्हांला पुन्हा भेटला नाही. त्याचे नावही आम्हांला ठाऊक नाही. मीटरला पंचवीस पैशांसाठी अर्धा तास घासाघीस करणारे आपण लोक, त्या रात्रीचा हा हिशेब मात्र आमच्या वहीत बाकीच राहिला. तुमच्या वहीत राहू देऊ नका.