तांब्याच्या कड्यातील विवेक

स्वयंचलित दूरध्वनी केंद्राचा इतिहास सांगावयाचा म्हटले, की लेखक अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या अल्मन स्ट्रोजरपासून आरंभ करतात आणि बहुधा तेथेच रमतात. कथाही अशी चटकदार आहे की त्यांना दोष देववत नाही. प्रेतसंस्काराची व्यवस्था लावण्याचा धंदा करणाऱ्या या गृहस्थास, केंद्रावरील बाई आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविते असा संशय आला, आणि म्हणून त्याने त्या मध्यस्थासच बरखास्त करणारे यंत्र रचले, असे परंपरेने सांगतात. पेटंट १८९१ चे आणि इंडियानातील ला पोर्ट येथील पहिले केंद्र १८९२ चे, हा तपशील मात्र दप्तरी नोंदलेला आहे. परंतु या यंत्रास पुढे जे शहाणपण आले, ते स्ट्रोजरच्या यंत्रातील दांड्याचे नसून त्याच्या शेजारी निमूटपणे खटखटणाऱ्या रिलेचे होते, आणि ते श्रेय त्याच्या पदरात फारसे पडलेले नाही, अशी माझी कैफियत आहे.

रिले ही वस्तू दिसावयास क्षुद्र : लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली तार, तीत प्रवाह आला की खेचली जाणारी पट्टी, आणि त्या पट्टीसरशी जुळणारे वा सुटणारे स्पर्शबिंदू. ग्राहक तबकडी फिरवून सोडतो तेव्हा ती परतताना तारेतील प्रवाह सेकंदास दहा या गतीने खंडित करते. पाच हा अंक म्हणजे पाच खंड. केंद्रातील पहिला रिले प्रत्येक खंडागणिक सुटतो, आणि त्याच्या प्रत्येक सुटण्याबरोबर सिलेक्टरचा, म्हणजे जोडणी निवडणाऱ्या यंत्राचा, दांडा एक पायरी वर चढतो. येथवर सारे सरळ आहे. पण प्रवाह तुटला, तो अंक येत आहे म्हणून, की ग्राहकाने रिसीव्हर खाली ठेवला म्हणून? आणि प्रवाह पुन्हा सुरू झाला, तो दोन खंडांमधील निमिषापुरता, की अंकच संपला? हा निवाडा करण्यासाठी दुसरे दोन रिले तैनात असतात, आणि त्यांच्या गाभ्यावर तांब्याचे एक जाड कडे बसविलेले असते. वेटोळ्यातील प्रवाह थांबला तरी या कड्यात प्रेरित होणारा प्रवाह चुंबकत्वास एकदम मावळू देत नाही, त्यामुळे पट्टी क्षणभर धरून राहते. तबकडीचा एक खंड सेकंदाच्या सुमारे पंधराव्या हिश्श्याइतका. तेवढ्याने दुसरा रिले सुटत नाही, मात्र रिसीव्हर ठेवल्यानंतरच्या दीर्घ खंडात सुटतो व सर्व जोडणी मोडतो. तिसरा रिले अंक चालू असेतोवर धरून राहतो, आणि तो संपताच सुटून दांड्याचे चढणे थांबवितो व त्यास आडवे फिरण्याचा हुकूम देतो.

ज्या यंत्रास अल्प विराम व पूर्ण विराम यांतील भेद कळतो, त्यास नुसते बटण म्हणणे मला अन्यायाचे वाटते. १९३७ साली क्लॉड शॅनन या तरुणाने एमआयटीतील आपल्या प्रबंधात, रिलेंच्या जोडण्या जॉर्ज बूलच्या बीजगणिताचे नियम पाळतात, हे दाखविले. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेच्या जॉर्ज स्टिबिट्झने स्वयंपाकघरातील टेबलावर रिले जोडून बेरीज करणारे उपकरण तयार केले. आणि १९४१ मध्ये बर्लिनच्या कोनराड झुझेने दोन हजारांहून अधिक रिलेंचे गणकयंत्र चालवून दाखविले. संगणकाची वंशावळ सांगताना दूरध्वनी केंद्रास वगळणे हा कृतघ्नपणाच नव्हे काय?

आपल्याकडे सिमल्यास १९१३-१४ साली पहिले स्वयंचलित केंद्र आले, १९४८ मध्ये बंगळूरला सरकारी कारखाना निघाला व त्याने स्ट्रोजर पद्धतीची सामग्री घडविली, आणि इलेक्ट्रॉनिक केंद्रे आल्यावर तो सर्व संसार मोडीत निघाला. त्याचा मला शोक नाही. धूळ, दमट हवा, झिजणारे स्पर्शबिंदू आणि दूरध्वनीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी, यांचा पुनरुद्धार कोणी शहाणा मागणार नाही.

माझी दरखास्त निराळी व स्वस्त आहे. आपल्या तंत्रनिकेतनांत विद्यार्थ्यास तर्कमंडले प्रथम भेटतात ती चिपच्या काळ्या चौकटीत, जेथे आत काय घडते ते दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. त्याआधी त्याच्या हाती पन्नास व्होल्टांचा पुरवठा, एक तबकडी, एक सिलेक्टर आणि हे तीन रिले द्यावेत. दुसऱ्या रिलेच्या जागी कडे नसलेला रिले बसवून त्यास अंक फिरवावयास सांगावे. पहिल्याच खंडास जोडणी मोडेल, आणि कारण शोधण्यास तो आपण होऊन वाकेल.