एक्स-रे साफ, तरी नडगी दुखते

भिंगारला लागूनच लष्कराची छावणी. त्यामुळे इथल्या मुलांना भरतीचे वेड लहानपणापासूनच. जाहिरात निघाली की कधी न धावलेला मुलगा फजरनंतर डांबरी रस्त्यावर धावू लागतो आणि तीन-चार आठवड्यांत नडगी धरून बसतो. एक्स-रे साफ येतो. घरचे म्हणतात, नाटक करतोय! आम्हाला हे पटत नाही.

सवय नसताना भार वाढला की हाडाला आतून बारीक इजा होते, मगजात पाणी साठते. हीच अस्थिमज्जेची सूज. साध्या एक्स-रेत ती दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. प्रशियाचे लष्करी डॉक्टर ब्राइटहौप्ट यांनी कूच करणाऱ्या सैनिकांच्या अशा दुखऱ्या पायांबद्दल १८५५ सालीच लिहिले होते. तेव्हा एक्स-रेचा शोधही लागला नव्हता.

ही सूज म्हणजे खूण. कारण वेगळे शोधावे लागते. मार, सांध्याची झीज, टीबी, किंवा खुब्याचा रक्तपुरवठा तुटणे. स्टेरॉइड जास्त घेतलेल्यांनी खुब्याचे दुखणे अंगावर काढू नये. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत खुबा दुखत असेल तर आपल्या भगिनींनीही डॉक्टरांना सांगावे.

भरतीवाल्या मुलाचा मुख्य इलाज म्हणजे पायावरचा भार काढणे. लागल्यास कुबड्या, ड जीवनसत्त्वाची तपासणी आणि सबुरी. काही आठवडे, कधी महिनेही. वेदनाशामक गोळी खाऊन धावल्यास हाड मोडू शकते. जोरात मालिश नको. ताप असेल किंवा रात्री ठणका लागत असेल तर थांबू नये. वाकणे जड जात असेल तर नमाज खुर्चीवर बसून पढण्याची सवलत आहेच.